उपवासकाळातलं रोजचं वचनचिंतन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राख बुधवारपासून, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवसापासून, रोज पहाटे आमच्या धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) काही घरांना त्या दिवसाच्या वाचनांचे संदर्भ आणि चार-सहा ओळींचं चिंतन पाठवायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. मी सिस्टर नाही, ईशज्ञानाची पदवीही माझ्याकडे नाही. वसईत रविवारी मुलांना धर्मशिक्षण देणारी बाई, एवढीच ओळख. प्रश्न दरवर्षी तेच येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते आहे. जिथे चर्चचा नियम आहे तिथे नियम सांगितला आहे. बाकी मत माझं.

उपवासकाळ चाळीस दिवसांचा म्हणतात, पण कॅलेंडरवर मोजले तर सेहेचाळीस भरतात. असं का?

बरोबर मोजलेत. २०२६ मध्ये राख बुधवार १८ फेब्रुवारीला आणि ईस्टर ५ एप्रिलला. राख बुधवार ते पवित्र शनिवार हे सेहेचाळीस दिवस होतात. मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, कारण रविवार म्हणजे पुनरुत्थानाचा दिवस, मग तो उपवासकाळातला का असेना. उरले चाळीस. येशू अरण्यात चाळीस दिवस होता, मोशे सीनाय पर्वतावर चाळीस दिवस, एलीया होरेबच्या वाटेवर चाळीस दिवस; तोच हा आकडा.

तारीख दरवर्षी हलते ती कशामुळे?

चंद्रामुळे. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून ईस्टर २२ मार्चच्या आधी येत नाही आणि २५ एप्रिलच्या पुढे जात नाही. तिथीने सण मोजणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटायचं कारण नाही. २०२७ मध्ये राख बुधवार १० फेब्रुवारीला आहे, ईस्टर २८ मार्चला.

तुमचे शेजारी केरळचे सिरो-मलबार कॅथलिक असतील तर त्यांचा उपवास आपल्या दोन दिवस आधी, सोमवारी सुरू झालेला दिसेल. राखही ते सोमवारीच लावतात. चूक कोणाचीच नाही, परंपरा वेगळी आहे.

रोजचे उतारे तुम्ही निवडता का?

नाही, आणि तेच बरं आहे. मी निवडले असते तर मला आवडणारेच निवडले असते.

उतारे मिस्सेच्या (चर्चमधल्या उपासनेच्या) वाचनग्रंथातून येतात. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ साली ही रचना ठरली. रविवारचं चक्र तीन वर्षांचं आहे: अ वर्षी मुख्यतः मत्तयाचं शुभवर्तमान (येशूचं चरित्र), ब वर्षी मार्कचं, क वर्षी लूकचं. २०२६ हे अ वर्ष. म्हणून या वर्षी तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी योहानातल्या तीन मोठ्या कथा येतात: विहिरीवरची शोमरोनी स्त्री, जन्मांध माणूस आणि लाजराला उठवणं. दीक्षास्नान (बाप्तिस्मा) घेणाऱ्यांच्या तयारीसाठी चर्च फार जुन्या काळापासून याच तीन कथा वापरत आलं आहे.

आठवड्यातल्या इतर दिवसांची गोष्ट निराळी. उपवासकाळातल्या सोमवार ते शनिवारची वाचनं दरवर्षी तीच असतात. राख बुधवारनंतरच्या शुक्रवारी यशया ५८ येणार, पहिल्या बुधवारी (आठवडे उपवासकाळाच्या पहिल्या रविवारपासून मोजतात) योना निनवेला जाणार, दुसऱ्या गुरुवारी श्रीमंत माणूस आणि लाजर. वही ठेवणाऱ्याला याचा फायदा होतो: गेल्या वर्षी याच उताऱ्यापुढे आपण काय लिहिलं होतं ते उघडून पाहता येतं. कधी हसू येतं, कधी लाज वाटते.

फक्त १९ मार्च (संत योसेफ) आणि २५ मार्च (गाब्रिएल दूताने मरियेला दिलेला निरोप) यांसारखे सण मध्ये आले की त्या दिवसाची वाचनं बदलतात. २०२६ मध्ये दोन्ही आठवड्याच्या अधल्यामधल्या दिवशी आहेत, म्हणजे चौथ्या आठवड्याचा गुरुवार आणि पाचव्याचा बुधवार.

पाचव्या सोमवारी 'दानीएल १३' दिलं होतं. माझ्या बायबलमध्ये दानीएलचे बाराच अध्याय आहेत. छपाईची चूक आहे का?

हा प्रश्न हमखास येतो, आणि नेहमी त्याच दिवशी सकाळी साडेसातला.

चूक नाही. तुमच्याकडे जे बायबल आहे ते बहुधा प्रोटेस्टंट परंपरेतलं, जुन्या करारात ३९ पुस्तकं असलेलं. कॅथलिक बायबलमध्ये ती ४६ आहेत, शिवाय एस्तेर आणि दानीएल या पुस्तकांत ग्रीकमधून आलेले जादा भाग आहेत. उपवासकाळात या भागांतलं वाचन चार वेळा येतं: पहिल्या गुरुवारी एस्तेरची प्रार्थना, तिसऱ्या मंगळवारी अग्नीच्या भट्टीतली अजऱ्याची प्रार्थना, चौथ्या शुक्रवारी ज्ञानग्रंथाचा दुसरा अध्याय आणि पाचव्या सोमवारी सुसान्नेची कथा. तिसऱ्या मंगळवारी तर जास्तच घोळ होतो. दानीएल ३ तुमच्याकडे असतो, पण दिलेल्या ओव्यांपैकी एकीच्या जागी भलताच मजकूर सापडतो आणि बाकीच्या सापडतच नाहीत.

त्या दिवशी कॅथलिक आवृत्ती असलेल्या शेजाऱ्याकडे जा. सुसान्नेची कथा वाचायलाच हवी. दोन म्हातारे न्यायाधीश, एका निरपराध बाईवर आळ, आणि एक तरुण पोरगा दोघांना वेगवेगळं उभं करून एकच प्रश्न विचारतो: कोणत्या झाडाखाली? उलटतपासणी म्हणून ती आजही वकिलांना शिकवावी अशी आहे.

चिंतन करायचं म्हणजे नेमकं करायचं काय? मी वाचतो, कळतं, आणि संपतं.

'कळतं आणि संपतं' इथेच ग्यानबाची मेख आहे. ओळखीचा उतारा डोळ्यांखालून सरकतो आणि आपल्याला वाटतं झालं वाचून.

बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या एका कार्थुसियन मठवासीयाने वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना, आणि मग काही न बोलता देवाजवळ बसणं. मठातल्या माणसाला चारही पायऱ्या चढायला वेळ असेल. आपल्याला पहिल्या दोन जमल्या तरी पुष्कळ. मी असं करते: उतारा मोठ्याने वाचते, मग पुन्हा एकदा हळू वाचते, आणि जिथे अडखळायला होतं तिथे थांबते. न कळल्यामुळे अडखळलं तरी चालेल. मग त्या जागेला एक प्रश्न विचारते आणि वहीत एकच ओळ लिहिते.

दुसऱ्या गुरुवारचा उतारा घेऊ, लूक १६:१९-३१. जांभळी वस्त्रं आणि तलम कपडे घालून रोज मेजवानी झोडणारा श्रीमंत माणूस. त्याच्या दाराशी फोडांनी भरलेला लाजर. दोघंही मरतात. लाजर अब्राहामाच्या उराशी, श्रीमंत यातनेत. ही गोष्ट आपण शंभर वेळा ऐकली आहे. 'गरिबांना मदत करा', संपलं चिंतन.

आता सावकाश वाचा. श्रीमंताने लाजराला मारलं, हाकललं, असं कुठेही लिहिलेलं नाही. मग त्याचा गुन्हा काय? खाली वाचत गेलात की चोविसाव्या ओवीपाशी थांबायला होतं. यातनेतून तो ओरडतो की पित्या अब्राहामा, लाजराला पाठव, बोटाचं टोक पाण्यात बुडवून त्याने माझी जीभ गार करावी. म्हणजे याला नाव माहीत होतं! दाराशी कोण पडलंय ते त्याला ठाऊक नव्हतं अशी सबबच उरत नाही. आणि अजूनही तो लाजराशी बोलत नाही, अब्राहामाशी बोलतो. लाजर त्याच्या लेखी अजून निरोप्याच: आधी पाण्यासाठी पाठव, मग भावांकडे पाठव. पूर्ण गोष्टीत लाजर एक अक्षर बोलत नाही. आणि श्रीमंताला नावच नाही. अब्राहाम सोडला तर येशूच्या सगळ्या दाखल्यांत नाव मिळालेलं माणसाचं पात्र हे एकच, दाराशी पडलेलं.

यातलं मी कुठल्या ग्रंथातून काढलेलं नाही, आणि यातलं काहीही तुम्हाला दिसणार नाही असं नाही. दोनदा हळू वाचलं, एवढंच. वहीतली ओळ त्या दिवशी एवढीच होती: 'त्याला नाव माहीत होतं.'

(हा लाजर आणि योहान ११ मधला बेथानीचा लाजर वेगळे. दरवर्षी कोणीतरी दोघांना एक करतं.)

माझ्याकडे एवढा वेळ नाही. विरारहून पहाटेची लोकल पकडतो.

मग शुभवर्तमान तेवढं वाचा. रात्री झोपण्यापूर्वी एकदा, सकाळी फलाटावर एकदा. गाडीत बसायला मिळालं तर मनातल्या मनात आठवून बघा. जे आठवत नाही तिथे परत जा. स्तोत्रातली प्रतिसादाची ओळ पाठ करायला सोपी असते, वसई ते अंधेरी पुरते.

तुम्ही पाठवलेलं चिंतन वाचलं की झालं ना?

माझं स्पष्ट मत: आधी उतारा, मग माझं चिंतन. उलटं केलंत तर तुम्हाला उताऱ्यात माझेच शब्द दिसतील. वेळ एकाच गोष्टीपुरता असेल तर माझं चिंतन सोडा. मला वाईट वाटणार नाही.

आणि कृपा करून ते न वाचता पुढच्या पाच ग्रुपांवर ढकलू नका. एका वर्षी माझंच चिंतन, खाली भलत्याच कोणाचं तरी नाव लावून, गुलाबाच्या फुलांसकट मला परत आलं होतं.

मटण बंद, मग मासे चालतात का? अंडं? आणि चिंतनाचा याच्याशी काय संबंध?

नियम आधी. राख बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस उपवास आणि मांसवर्ज्य, दोन्ही. उपवास म्हणजे दिवसात एक पूर्ण जेवण. बाकी दोन वेळा थोडंसं. अठरा वर्षं पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत हा बंधनकारक आहे. मांसवर्ज्य चौदा वर्षं पूर्ण झाल्यापासून. आजारी माणसं, गरोदर बाया यांनी स्वतःला त्रास करून घेऊ नये. मासे, अंडी, दूध यांना मनाई नाही. इतर शुक्रवारी काय पाळायचं ते तुमच्या धर्मगुरूंना विचारा.

आता संबंध. राख बुधवारनंतरच्याच शुक्रवारचं वाचन यशया ५८ आहे. लोक देवाला विचारतात, आम्ही उपवास केला, तुझं लक्ष कसं नाही? देव म्हणतो, उपवासाच्या दिवशी तुम्ही आपलाच स्वार्थ साधता आणि कामकऱ्यांना पिळता.

आमच्या दारावर पाटी घेऊन मासळी विकायला एक मावशी येते. उपवासकाळातल्या शुक्रवारी सगळ्या ख्रिस्ती घरांना मासेच हवे असतात, त्यामुळे पापलेटाचा भाव त्या दिवशी कोंबडीच्या पुढे जातो. काही वर्षांपूर्वीच्या त्या शुक्रवारी पहाटे मी यशया ५८ वर मोठं रसभरीत चिंतन लिहिलं, पाठवलं, आणि नऊ वाजता दारात उभी राहून मावशीशी दहा मिनिटं घासाघीस केली. जोडीमागे पन्नास रुपये कमी करून घेतले, वर मूठभर मांदेली घातली तिने. दार लावलं आणि आठवलं की सकाळी आपणच काय लिहिलं होतं. मागे धावत गेले असं सांगायला आवडलं असतं. गेले नाही. पुढच्या शुक्रवारी डाळ केली.

पापलेट खाऊन मांसवर्ज्य पाळणं नियमात बसतं, हे खरं आहे. वसईत आम्ही त्यावर पिढ्यान्‌पिढ्या हसत आलो आहोत.

मध्येच आठ-दहा दिवस चुकले. आता भरून काढू?

नको. शाळेचा गृहपाठ नाही हा. आजच्या तारखेचं पान उघडा आणि पुढे चला. मी एकदा शनिवारी रात्री नऊ दिवसांचं एकदम वाचायला बसले होते. चौथ्या दिवशी योना आणि नामान यांची सरमिसळ झाली.

योहानाच्या शुभवर्तमानात 'यहूदी' हा शब्द सारखा येतो आणि तो नेहमी येशूच्या विरोधकांसाठी. मुलं विचारतात, यहूदी वाईट होते का?

चांगलं केलंत विचारलंत. चौथ्या सोमवारपासून जवळजवळ रोजचं शुभवर्तमान योहानाचं असतं, आणि गुड फ्रायडेला दुःखसहनाचा वृत्तांतही त्याचाच. मराठीत 'यहूदी' म्हटलं की अख्खा समाज डोळ्यांपुढे येतो. उताऱ्यात मात्र बहुतेक ठिकाणी तो शब्द यरुशलेममधल्या धर्मपुढाऱ्यांसाठी आहे. येशू यहूदी, मरिया यहूदी, बाराही शिष्य यहूदी. वल्हांडणाच्या सणासाठी तो यरुशलेमला गेला तो यहूदी म्हणूनच.

येशूच्या मरणाचा दोष तेव्हाच्या सगळ्या यहूद्यांवर किंवा आजच्या यहूद्यांवर ठेवता येत नाही, असं व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट म्हटलं. त्याआधी शतकानुशतकं युरोपात पवित्र आठवडा (ईस्टरआधीचा) यहूदी वस्त्यांसाठी भीतीचा आठवडा असे. आपल्या कोकण किनाऱ्यावर मात्र बेने इस्राएल हे यहूदी लोक तेल गाळत, शनिवारी घाणा बंद ठेवून 'शनवार तेली' म्हणवून घेत राहिले, मराठीच बोलत राहिले. मुलांना हे आधी सांगा, मग उतारा वाचा. मोठ्याने वाचताना मी 'यहूदी पुढारी' असं म्हणते. मिस्सेत तसं बदलता येत नाही, घरात येतं.

आम्ही प्रोटेस्टंट आहोत. यात सामील होऊ शकतो?

अर्थातच. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या पुष्कळ मंडळ्या उपवासकाळ पाळतातच. ज्या पाळत नाहीत तिथल्या लोकांनाही रोज एक उतारा वाचायला कोणाची हरकत असणार? उलट बायबल उघडून संदर्भ पटकन शोधण्यात आमच्या मिस्सेकऱ्यांपेक्षा तुम्हीच वाकबगार असता. वर सांगितलेले चार दिवस तेवढे लक्षात ठेवा.

मराठी बायबल कोणतं वापरू? जुन्या भाषांतराची भाषा जड जाते.

जे घरात आहे ते. मराठीत नवा करार १८११ साली सेरामपूरला छापला गेला तो मोडी लिपीत, तेव्हापासून भाषांतरं होतच आली आहेत. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून मूळ हिब्रू-ग्रीकवरून, खेड्यातल्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल उतरवलं. १९२२ साली त्या गेल्या, छापील ग्रंथ १९२४ मध्ये आला. चिंतनासाठी दोन भाषांतरं शेजारी ठेवून वाचणं फार उपयोगी. जिथे दोघांचे शब्द वेगळे पडतात तिथे बहुतेक वेळा मूळ शब्दात काहीतरी दडलेलं असतं. एकच असेल तर जुनंच ठेवा. जड भाषा तुम्हाला हळू वाचायला लावते.

घरात आम्ही सामवेदी बोलतो. प्रार्थना मात्र प्रमाण मराठीतच करायची का?

कोणी सांगितलं? उतारा मराठीत वाचा, त्यावर बोला घरच्या बोलीत. आजीला वाचता येत नसेल तर तिला वाचून दाखवा आणि मग तिला ती गोष्ट परत सांगायला लावा. ती सांगताना ज्यावर जोर देते, जे गाळते, ते ऐका. माझ्या निम्म्या ओळी अशा कोणाकोणाच्या आज्यांकडून आल्या आहेत.

लहान मुलांसाठी तिसऱ्या सोमवारची नामानाची कथा राखून ठेवा, २ राजे ५. सेनापतीला कोड झालेलं, आणि उपाय कोणाला ठाऊक? लढाईत पकडून आणलेल्या एका लहान मुलीला. राजे पत्रं लिहितात, कपडे फाडतात, आणि मोलकरणीचं ऐकून गेल्यावर, नदीत बुड्या मारून काम होतं. मुलांना विचारा, तू यात कोण? एकाने मला सांगितलं होतं, 'टीचर, मी नदी.'

शुक्रवारी क्रुसाच्या वाटेला जातो. मग रोजचं चिंतन वेगळं कशाला?

क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटचालीची भक्ती, सगळ्यांसोबत चालायची, गात, गुडघे टेकत, चौदा स्थानं. ती सोडू नका. पण तिथे शेवट आधीपासून माहीत असतो. रोजच्या वाचनांत तुम्ही त्या शेवटाकडे एकेक दिवस सरकत जाता, आणि चौथ्या-पाचव्या आठवड्यात योहान वाचताना वातावरण कसं तापत जातं ते जाणवतं: आज दगड उचलले, आज पकडायला माणसं पाठवली, आज सभा भरवून ठरवलं. झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आदल्या रविवारी) हातात झावळी धरताना मग जरा कचरायला होतं.

गेल्या वर्षी पवित्र शनिवारी तुमचं चिंतन आलंच नाही. राहून गेलं का?

राहून गेलं नाही. त्या दिवशी दिवसा मिस्सा नसते. वेदीवर कापड नसतं, पवित्र भाकर ठेवायची पवित्र पेटी उघडी आणि रिकामी असते. त्यामुळे मीही काही पाठवत नाही.

वाचायचंच असेल तर रात्रीच्या जागरविधीची तयारी करा. त्यात जुन्या करारातली सात वाचनं आहेत. वेळेअभावी काही गाळली जातात, पण निर्गमचा चौदावा अध्याय, समुद्र दुभंगतो तो, कधीच गाळता येत नाही. तो दुपारी घरी वाचून या. रात्री चर्चमध्ये दिवे बंद असतात, हातात मेणबत्ती असते, मेण बोटांवर सांडत असतं, आणि वाचणाऱ्याकडे निम्मं लक्ष जात नाही.